वारा नंतर पडला

विश्वास या शब्दाशी मराठी माणसाचं नातं जरा तिरकसच आहे. कुणी फार भरवसा देऊ लागलं की ‘विश्वास पानिपतावरच गेला’ म्हणून आपण हसतो. १७६१च्या जानेवारीत पेशव्यांचा थोरला मुलगा विश्वासराव रणात पडला आणि त्याच्याबरोबर एक चांगला शब्दही कायमचा जायबंदी झाला. निपाणी-बेळगावच्या पट्ट्यात या अर्थाचे तीन शब्द एकमेकांच्या शेजारी नांदतात. चर्चमधला मराठी माणूस ‘विश्वास’ म्हणतो, कन्नड बोलणारा ‘नंबिके’ म्हणतो आणि कोकणीत प्रार्थना करणारी कॅथलिक घरं ‘भावार्थ’ म्हणतात. भावार्थ म्हणजे आज आपल्याला फक्त कवितेखालचं तात्पर्य आठवतं; पण फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण १६१६मध्ये गोव्यात छापलं गेलं, तेव्हा ख्रिस्ती श्रद्धेसाठी त्यांनीही हाच शब्द जवळ केला होता. शब्दांच्या सवयी पाहण्यासारख्या आहेत. विश्वास ठेवावा लागतो, तो बसतो, उडतो, त्याचा घात होतो. म्हणजे त्यात समोर कुणीतरी लागतं. भाव मात्र आत असतो किंवा नसतो. (निपाणीच्या बाजारात भाव म्हटलं की आधी तंबाखूचा दर आठवतो, ही गंमत वेगळी. तिच्याकडे पुढे यावंच लागेल.) आतला भरवसा म्हणजे नक्की काय, तो या दोहोंपैकी कुठल्या जातीचा, हा प्रश्न बायबलमधल्या एका जेमतेम बारा वचनांच्या गोष्टीला विचारता येतो. आणि गोष्टीचं उत्तर तिच्यावर नेहमी लिहिल्या जाणाऱ्या सुविचारांपेक्षा बरंच वेगळं आहे.

गोष्ट मत्तयाच्या शुभवर्तमानातली, चौदाव्या अध्यायातली. पाच हजारांना जेवू घातल्यावर येशू शिष्यांना नावेत बसवून पुढे धाडतो आणि स्वतः प्रार्थनेसाठी डोंगरावर जातो. गालीलचा समुद्र हा खरं तर गोड्या पाण्याचा तलाव, सुमारे २१ किलोमीटर लांब, १३ किलोमीटर रुंद, समुद्रसपाटीपेक्षा २०० मीटरहून अधिक खाली. भोवती डोंगर असल्यामुळे वरची थंड हवा घळींमधून एकदम खाली कोसळते आणि शांत पाणी बघता बघता खवळतं. १९८६मध्ये दुष्काळानं पाणी हटलं, तेव्हा काठच्या गाळात त्याच काळातली एक लाकडी नाव सापडली. लांबी सव्वाआठ मीटर, रुंदी सव्वादोनच्या आसपास. अशा नावेत डझनभर माणसं, समोरून वारा, रात्र सरत आलेली. चौथ्या प्रहरी येशू पाण्यावरून चालत येताना दिसतो आणि सगळे भूत समजून ओरडतात. भिऊ नका, मीच आहे, असं तो सांगतो. त्यावर पेत्र म्हणतो, तूच असशील तर मला पाण्यावरून येण्याची आज्ञा कर. ‘ये’ असा एकच शब्द येतो. पेत्र उतरतो, चालतो, मग वारा पाहून घाबरतो, बुडू लागतो, वाचव म्हणून हाक मारतो. येशू लगेच हात पुढे करून त्याला धरतो आणि विचारतो की अल्पविश्वासी माणसा, तू संशय का धरलास? दोघे नावेत चढतात. मग वारा पडतो.

येशू पाण्यावरून चालल्याची हकिगत मार्क आणि योहान यांनीही दिली आहे. पेत्राचं उतरणं आणि बुडणं मात्र एकट्या मत्तयात आहे; लूकमध्ये तर हा प्रसंगच नाही. तेव्हा अभ्यासकाचा आक्षेप उघड आहे: हा भाग मत्तयानं मागाहून जोडला असावा. असेलही. पण मग तो का जोडला, हा प्रश्न अधिकच मोलाचा होतो. पहिल्या शतकाच्या उत्तरार्धातल्या ज्या लहान ख्रिस्ती मंडळ्यांसाठी मत्तय लिहीत होता, त्यांना समोरून वारा होता आणि गुरू नावेत नव्हता. त्यांच्यासाठी पेत्राची फजिती ही चमत्कारापेक्षा जास्त कामाची होती. जी गोष्ट लिहिणाऱ्यानंच धडा म्हणून पुढे ठेवली, ती धडा म्हणून वाचण्यात तिच्यावर अन्याय नाही. इंद्रायणीत बुडवलेल्या तुकोबांच्या वह्या तरल्या की नाही यावर वाद घालणारा माणूस काठावरच्या त्या तेरा दिवसांबद्दल काहीच बोलत नाही, तसं इथे होऊ नये इतकंच.

प्रवचनांत आणि व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांत या गोष्टीचा जो अर्थ सांगितला जातो तो असा: लाटांकडे पाहू नका, ध्येयाकडे पाहा, स्वतःवर विश्वास ठेवा, मग पाण्यावरूनही चालाल. कानाला हे गोड लागतं, पण गोष्टीत ते नाही. पेत्राचा स्वतःवर विश्वास कमी पडला असं मत्तय कुठेच म्हणत नाही. आत्मविश्वास या गृहस्थाकडे गरजेपेक्षा जास्तच होता. पुढे सगळे पळाले तरी मी पळणार नाही, अशी छातीठोक ग्वाही देणारा आणि त्याच रात्री कोंबडा आरवायच्या आत तीनदा नाकबूल होणारा तो हाच. शिवाय तो याच तलावावरचा मासेमार. पोहायला येणारा. योहानाच्या शेवटच्या अध्यायात तो नावेतून पाण्यात उडी टाकतो, त्यावरून हे कळतं. ज्याचं सगळं आयुष्य या पाण्यावर गेलं, त्याला त्या रात्री हातपाय मारायचंही सुचत नाही. म्हणजे बुडण्याचं कारण कौशल्याच्या अभावात नाही, आणि स्वतःबद्दलच्या खात्रीच्या अभावातही नाही.

मग ते कशात आहे? दोन बारीक खुणा आहेत. पहिली अशी की मत्तय लिहितो, पेत्रानं वारा पाहिला. वारा कुणाला दिसतो? दिसतात त्या लाटा. वाऱ्याचा अंदाज अंगावर येतो. आणि वारा काही नव्यानं सुटला नव्हता, तो रात्रभर होताच. नावेतून पाय खाली टाकला तेव्हाही होता. म्हणजे बाहेरची परिस्थिती तसूभरही बदललेली नाही. न दिसणारी गोष्ट त्याला दिसू लागली, एवढंच झालं. भीतीचं याहून अचूक वर्णन सापडणं कठीण. दुसरी खूण शब्दाची. ‘संशय का धरलास’ यातल्या संशयासाठी मूळ ग्रीकमध्ये जे क्रियापद आहे, त्याच्या पोटात ‘दोन’ हा अंक आहे. आपल्या ‘द्विधा’सारखं, दोन जागी उभं राहू पाहणं. इथे संशय म्हणजे बुद्धीनं विचारलेली शंका नाही. पेत्राची मागणीच मुळी ‘तूच असशील तर’ अशी शंकेनं सुरू होते आणि तिच्याबद्दल त्याला कुणी बोल लावत नाही. बोल आहे तो एक पाय पाण्यावर आणि मन नावेत, या स्थितीला. नवा करार सगळा धुंडाळला तर हे क्रियापद दोनदाच सापडतं आणि दोन्ही वेळा मत्तयातच. दुसरी जागा थेट पुस्तकाच्या शेवटी आहे: पुनरुत्थानानंतर शिष्य डोंगरावर त्याला नमन करतात, पण काहींना संशय वाटतो. त्या काहींना बाजूला काढलं जात नाही. त्यांच्यासकट सगळ्यांना कामाला पाठवलं जातं.

या द्विधेचं आपल्या भागातलं एक उदाहरण बाबा पदमनजींचं आहे. ते १८३१मध्ये बेळगावात कासार कुटुंबात जन्मले आणि तिथल्याच मिशनच्या शाळेत शिकले. लंडन मिशनरी सोसायटीनं १८२०च्या सुमारास बेळगावात बस्तान बसवलं होतं. ‘यमुनापर्यटन’ (१८५७) ही मराठीतली पहिली कादंबरी मानली जाते ती त्यांची, आणि ‘अरुणोदय’ (१८८८) हे त्यांचं आत्मचरित्र मराठीतल्या सुरुवातीच्या आत्मचरित्रांपैकी एक. मुंबईत शिकत असताना ते परमहंस मंडळीत जात. दादोबा पांडुरंगांच्या पुढाकारानं १८४९मध्ये सुरू झालेली ही सभा जातिभेद मानत नव्हती, मूर्तिपूजा मानत नव्हती, आणि हे सगळं दार लावून. आत शिरणाऱ्याला पाव खावा लागे, परजातीच्या हातचं पाणी प्यावं लागे. बाहेर पडल्यावर मात्र ज्याची त्याची जात, ज्याचं त्याचं सोवळं जिथल्या तिथे. १८६०च्या सुमारास सभासदांची नावं फुटल्याची बोंब झाली आणि मंडळी विखुरली. या माणसांकडे विचारांची खात्री कमी होती असं कोण म्हणेल? जातिभेद खोटा आहे हे त्यांना बेळगावपासून मुंबईपर्यंतच्या कुणाही माणसापेक्षा स्पष्ट कळलं होतं. पण कळणं एका जागी होतं आणि उभं राहणं दुसऱ्या. पदमनजींनी १८५४मध्ये बेळगावात, म्हणजे जिथे घर, नातलग आणि जात सगळं होतं तिथे, उघडपणे बाप्तिस्मा घेतला. मुंबईतल्या परक्या गर्दीपेक्षा ही जागा कितीतरी अवघड होती.

इथे थांबून एक गोष्ट बोलायला हवी. हे उदाहरण धर्मांतराची थोरवी गाण्यासाठी नाही. त्याच मंडळीतल्या काहींनी १८६७मध्ये प्रार्थना समाज उभा केला. दादोबांचे भाऊ आत्माराम पांडुरंग त्यात पुढे होते. तेही दार उघडून बाहेर आले, फक्त उतरले वेगळ्या काठावर. मुद्दा कुठल्या धर्मात गेले हा नाही. आतली खात्री आणि बाहेरचं पाऊल यांतलं अंतर मिटणं, या घटनेला ही गोष्ट विश्वास म्हणते. खुद्द मत्तयाचाही कल तसाच दिसतो. अल्पविश्वासी हा शेरा तो राखून ठेवतो जवळच्या शिष्यांसाठी; मोठ्या विश्वासाची शाबासकी मिळते ती परक्यांना, एका रोमी शताधिपतीला आणि एका कनानी बाईला. ही बाई पेत्राच्या प्रसंगानंतर लगेच पुढच्याच अध्यायात येते. आजारी मुलीसाठी ती आर्जव करते, शिष्य तिला घालवून द्या म्हणतात, येशूही आधी नकार देतो, आणि तो नकारही तसा मऊ नाही. ती त्याच्याच शब्दांत त्याला उलट उत्तर देते, हटत नाही. या हुज्जत घालण्यालाच मोठा विश्वास म्हटलं गेलं. आतला भरवसा म्हणजे मुकाट मान डोलावणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी चौदावा आणि पंधरावा अध्याय सलग वाचून पाहावा. पंडिता रमाबाईंनी तर बायबलचं मराठी भाषांतर करण्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकण्याचा घाट घातला. ते भाषांतर त्यांच्या निधनानंतर, १९२४मध्ये प्रसिद्ध झालं. ज्या पुस्तकावर सगळं आयुष्य टाकलं, त्याचा शब्द न् शब्द मुळातून तपासून घेणारी ही बाई भाबडी होती, असं म्हणायला जीभ धजत नाही.

आता सर्वांत जड आक्षेप. ही गोष्ट दुःखी माणसाच्या माथी दोष मारते, असा तो आहे. औषधानं गुण आला नाही, कर्ज फिटलं नाही, मूल वाचलं नाही, की म्हणायचं तुझा विश्वास कमी पडला. हे बोल केवळ ख्रिस्ती प्रार्थनासभांतच ऐकू येतात असं नाही. नवस, अंगारा, उतारा यांचा धंदा सगळीकडे याच वाक्यावर चालतो. फसलेल्या उपायाचं खापर फसवलेल्याच्या डोक्यावर फोडण्याची ही सोय आहे. आक्षेप खरा आहे, पण तो गोष्टीवर बसत नाही, तिच्या गैरवापरावर बसतो. क्रम पाहा. पेत्र ओरडतो, हात लगेच येतो, आणि प्रश्न त्यानंतर. आधी विश्वास वाढव मग धरतो, असा सौदा नाही. बुडणारा माणूस ज्या क्षणी हाक मारतो, त्या क्षणी त्याच्याजवळ चालण्यापुरता विश्वास उरलेला नसतो, फक्त हाकेपुरता असतो, आणि तेवढा पुरतो. अल्प म्हणजे थोडा. नाही असं नव्हे. मोहरीच्या दाण्याची उपमा याच पुस्तकात दिली आहे, ती काही उगाच नाही.

याच्या जोडीनं अंधश्रद्धेचा आक्षेपही येतो: उद्या कुणी खरंच पाण्यात उतरलं तर? २०१९च्या ऑगस्टमध्ये वेदगंगेला पूर आला, यमगर्णीजवळ पाणी महामार्गावर चढलं आणि पुणे-बंगळूर वाहतूक ठप्प झाली. २०२१च्या जुलैतही तेच. निपाणीकराला पाण्याचं वागणं सांगायला मत्तयाची गरज नाही. विश्वास आहे म्हणून त्या पाण्यात गाडी घालणाऱ्याला हा भाग काय म्हणेल? मत्तयाच्याच चौथ्या अध्यायात सैतान येशूला मंदिराच्या टोकावर नेऊन उभं करतो आणि उडी टाक, देवदूत झेलतील, असं सांगतो. वर शास्त्रातलं वचनही ऐकवतो. येशू उडी टाकत नाही. देवाची परीक्षा पाहायची नसते, एवढंच उत्तर तो देतो. तेव्हा साहस म्हणजे विश्वास हे समीकरण या पुस्तकालाच मान्य नाही. पेत्रही आपल्या मनानं उतरलेला नाही. त्यानं आधी विचारलं, उत्तराची वाट पाहिली, शब्द आल्यावर पाय खाली टाकला. बाकीचे नावेतच बसून राहिले म्हणून त्यांना कुणी भित्रे म्हटल्याचं लिहिलेलं नाही. सगळ्यांनी उतरायचं नसतं. नाव कुणीतरी सांभाळावी लागते.

राहता राहिला निपाणीचा स्वतःचा आक्षेप, आणि इथे तंबाखूच्या भावाकडे यायला हवं. १९८१च्या मार्चमध्ये रास्त भाव मागत हजारो तंबाखू उत्पादक शेतकरी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली निपाणीजवळच्या महामार्गावर ठाण मांडून बसले. ६ एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात शेतकरी मेले. त्याच सुमारास तंबाखूच्या वखारींत धुळीनं माखून काम करणाऱ्या बायका संघटित होत होत्या. युगांतर या गटानं १९८२मध्ये त्यांच्यावर माहितीपट केला. अशा गावात कुणी ‘आतून विश्वास ठेवा, सगळं ठीक होईल’ म्हणू लागला, तर लोकांनी त्याला वाटेला लावावं, हेच योग्य. आतला भरवसा म्हणजे बाहेरच्या अन्यायाशी केलेली तडजोड असेल, तर तो मालकाच्या सोयीचा असतो, मजुराच्या नाही. पण मत्तयाची गोष्ट ‘सगळं ठीक होईल’ असं म्हणतच नाही. आपण घाईनं वाचतो म्हणून आपल्याला वाटतं की येशूनं हात धरला आणि वादळ शमलं. तसं लिहिलेलं नाही. हात धरला, बोलणं झालं, दोघे नावेपर्यंत आले, आत चढले आणि त्यानंतर वारा पडला. म्हणजे पाण्यात उभं राहून धरलेला तो हात, तो प्रश्न, नावेपर्यंतची ती चाल, हे सगळं वाहत्या वाऱ्यातच झालं. चालताना जेवढा होता तेवढाच वारा, बुडताना तेवढाच आणि परततानाही तेवढाच.

एवढ्याशा तपशिलानं गोष्टीचा तोल पार बदलतो. विश्वास हा वारा थांबवण्याचा मंत्र असता, तर तो हात धरताक्षणी थांबायला हवा होता. हा विश्वास परिस्थितीबद्दलचा नाहीच, सोबतीबद्दलचा आहे. महामार्गावर बसलेल्या शेतकऱ्यांजवळ भाव मिळेलच अशी हमी नव्हती. वखारीतल्या बाईजवळ उद्याही काम असेल अशी हमी नव्हती. जवळ होतं ते शेजारी बसलेलं माणूस, आणि आपण उठलो तर तेही उठेल हा अंदाज. याला आतला भरवसा म्हणायचं का? माझ्या मते म्हणायलाच हवं, आणि तो आत असूनही एकट्याचा नसतो. सुरुवातीच्या शब्दांकडे वळायचं तर ‘भाव’ आणि ‘विश्वास’ यांतला फरक इथे विरघळतो: मूळ आत, पण धरायला बाहेर हात लागतो. नारायण वामन टिळक म्हणत की आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. पुलावरून उलटही येता येतं. मत्तयाचा हा प्रसंग वाचून पुन्हा वारकऱ्यांकडे पाहिलं, तर दिंडीत कुणीच एकटं का चालत नाही, हा प्रश्न नव्यानं पडतो.

कुणी म्हणेल, हात धरणारा देव मानला तरच हे सगळं उभं राहतं. न मानणाऱ्यानं काय करायचं? त्याला गोष्टीचा वरचा मजला मिळणार नाही, हे खरं आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. मत्तयाला येशू कोण आहे हेच सांगायचं आहे. त्या रात्रीचा शेवट नावेतले सगळे त्याला नमन करतात इथे होतो. तरीही खालचा मजला पक्का आहे. न दिसणारा वारा दिसू लागतो ती घडी, दोन ठिकाणी उभं राहण्याचा प्रयत्न, आणि हाक मारण्याची लाज न वाटणं, हे पाहायला सश्रद्ध असावं लागत नाही. तिसरं तर फारच दुर्मिळ. बुडतानाही हाक न मारणारी माणसं आपल्या ओळखीत पुष्कळ असतात, आणि त्यांना आपण स्वाभिमानी म्हणतो.

योहानाच्या शेवटच्या अध्यायात पेत्र पुन्हा याच तलावावर दिसतो. सगळं होऊन गेलं आहे: ती छातीठोक ग्वाही, तो कोंबडा, तो वधस्तंभ. रात्रभर जाळं टाकूनही मासा नाही, आणि पहाटे काठावर कुणीतरी उभं आहे. कोण आहे ते कळताच पेत्र अंगरखा चढवतो (लोक पाण्यात शिरताना काढतात, हा घालतो) आणि उडी टाकतो. काठ सुमारे २०० हात लांब, म्हणजे जेमतेम ९० मीटर. या वेळी आज्ञा मागितलेली नाही, पाण्यावरून चालण्याचं नावही नाही. बाकीचे माशांनी भरलेलं जाळं ओढत नावेतून मागून येतात. काठावर कोळशाचा विस्तव पेटलेला आहे, त्यावर मासा भाजतो आहे, शेजारी भाकर आहे.